पराभव मान्य, चूक अमान्य

चेन्नईत अण्णा सलईवर द्रमुकचे ‘अण्णा अरिवालयम’ आहे आणि तेथून फार दूर नसलेल्या रॉयपेट्ट्यात अण्णा द्रमुकचे मुख्यालय. मतमोजणीच्या दिवशी दुपारपर्यंत यांपैकी एका इमारतीसमोर फटाक्यांच्या माळा लागतात आणि दुसरीसमोर बंदोबस्ताच्या पोलिसांखेरीज फारसे कोणी उरत नाही. १९८९ ते २०११ या काळातील सहा विधानसभा निवडणुकांत तमिळ मतदाराने एकाही पक्षाला लागोपाठ दोनदा सत्ता दिली नाही. विजयाइतकाच पराभवाचाही एवढा सराव असलेले दोन पक्ष देशात अन्यत्र क्वचितच सापडतील. तरीही पराभवानंतरच्या त्यांच्या निवेदनांत एक वाक्य जवळपास कधीच आढळत नाही. ते म्हणजे ‘आमचा निर्णय चुकला.’ जनादेश शिरसावंद्य असतो, कार्यकर्त्यांचे आभार मानलेले असतात, आत्मपरीक्षणाचे आश्वासनही असते. चूक मात्र नसते. आणि असलीच तर ती दुसऱ्या कोणाची तरी असते.

हा केवळ राजकीय शिष्टाचाराचा प्रश्न नव्हे. मतदाराला यंत्रावरील कळ दाबून कोण हवे वा कोण नको एवढेच सांगता येते. का, हे सांगण्याची सोय मतदानात नाही. ते ‘का’ निकालानंतर पक्षच ठरवितात. पराभूत पक्ष जे कारण मुक्रर करतो, त्यावर त्याचे पुढील पाच वर्षांचे वर्तन अवलंबून असते. आघाडीचे गणित चुकले असे ठरले, तर नवा मित्र शोधला जातो. यंत्रात दोष होता असे ठरले, तर न्यायालयाची पायरी चढली जाते. धोरण चुकले असे ठरले, तरच धोरण बदलते. म्हणूनच पराभवाची मीमांसा हा पक्षाचा खासगी मामला राहत नाही. गेल्या सहा दशकांतील चेन्नईचे राजकारण ही त्याची साक्ष आहे.

कामराजांचे शहर

विरोधाभास असा की, पदत्यागाचा देशातील सर्वांत गाजलेला प्रयोग याच शहरातून निघाला. १९६३ मध्ये अमरोहा, फरुखाबाद आणि राजकोट या लोकसभेच्या तीन पोटनिवडणुकांत अनुक्रमे आचार्य कृपलानी, राममनोहर लोहिया आणि मिनू मसानी विजयी झाले, आणि काँग्रेसच्या गडाला तडे गेल्याचे स्पष्ट झाले. ज्येष्ठ नेत्यांनी सत्तापदे सोडून पक्षकार्याला वाहून घ्यावे, अशी सूचना मद्रासचे मुख्यमंत्री के. कामराज यांनी पंडित नेहरूंना केली आणि २ ऑक्टोबर १९६३ रोजी स्वतः मुख्यमंत्रिपद सोडले. याच योजनेखाली मोरारजी देसाई, लालबहादूर शास्त्री, जगजीवन राम आणि मुंबईचे स. का. पाटील केंद्रीय मंत्रिमंडळातून बाहेर पडले. योजनेमागे नेहरूंना नको असलेल्यांना दूर करण्याचा हेतू होता, अशी टीका तेव्हाही झाली आणि ती अगदीच निराधार होती असे म्हणता येणार नाही. तथापि पक्षाचे बळ घटले, तर त्याची किंमत वरच्या माणसाने आधी मोजावी, हे तत्त्व त्यातून मांडले गेले, हेही खरे.

चार वर्षांनी त्याच तत्त्वाची कसोटी लागली. १९६७ च्या निवडणुकीत द्रमुकने मद्रास राज्यात स्पष्ट बहुमत मिळविले. विरुदुनगरमध्ये खुद्द कामराज पी. श्रीनिवासन या तरुण विद्यार्थी नेत्याकडून १,२८५ मतांनी पराभूत झाले. मुख्यमंत्री एम. भक्तवत्सलम हेही हरले. त्याच निवडणुकीत दक्षिण मुंबईत स. का. पाटलांना जॉर्ज फर्नांडिस यांनी धूळ चारली. मद्रासमधील पराभवाची कारणे उघड होती. १९६५ च्या हिंदीविरोधी आंदोलनावर झालेला गोळीबार लोक विसरले नव्हते. तांदळाची टंचाई होती आणि रुपयात तांदूळ देण्याचे द्रमुकचे आश्वासन घरोघरी पोहोचले होते.

या पराभवाच्या दोन प्रतिक्रिया तमिळ राजकारणात आजही सांगितल्या जातात. राज्यात विषारी जंतू पसरले आहेत, असे उद्गार भक्तवत्सलम यांच्या नावावर नोंदले गेले आहेत. कामराजांनी मात्र लोकांचा कौल मान्य करून नव्या सरकारला काम करू द्यावे, अशी भूमिका घेतल्याचे सांगितले जाते. एकाने दोष मतदारात शोधला, दुसऱ्याने निदान मतदाराला दोष दिला नाही. परंतु हिंदीचा प्रश्न आणि धान्याचा प्रश्न सरकारने चुकीच्या रीतीने हाताळला, असे स्वच्छपणे सांगण्यास दोघांपैकी कोणीही पुढे आल्याचे दिसत नाही. त्यानंतर काँग्रेसला या राज्यात स्वबळावर सत्तेवर परतता आले नाही. कोणत्या द्रविड पक्षाचा हात धरायचा, हाच तिच्या दर निवडणुकीतील मुख्य निर्णय होऊन बसला.

चार ठरीव कारणे

१९६७ नंतरच्या पराभवांची निवेदने पाहिली, तर कारणांची एक ठरीव यादीच हाती लागते. पहिले कारण गणिताचे. २०११ मध्ये द्रमुकला २३ जागा मिळाल्या आणि प्रमुख विरोधी पक्षाचे स्थानही विजयकांत यांच्या डीएमडीकेकडे गेले. लोकांनी आपल्याला विश्रांती दिली आहे, अशी एम. करुणानिधी यांची त्या दिवशीची प्रतिक्रिया होती. विश्रांती हा शब्द सुंदर खरा; पण विजेचे भारनियमन, टू-जी प्रकरण आणि एकाच कुटुंबाचा वाढता पसारा यांपैकी कशाचाही त्यात उल्लेख नव्हता. काँग्रेसने हट्टाने ६३ जागा मागून घेतल्या आणि त्यांतील केवळ पाच जिंकल्या, याची चर्चा द्रमुकमध्ये अधिक रंगली. काँग्रेसवाल्यांनी टू-जीकडे बोट दाखविले. पराभव एकच होता; दोन मित्रांनी तो एकमेकांच्या दारात नेऊन ठेवला.

दुसरे कारण यंत्राचे. २००१ मध्ये तामिळनाडूतील सर्व मतदारसंघांत मतदानयंत्रे आली, तेव्हा अण्णा द्रमुकने त्यांविरुद्ध मद्रास उच्च न्यायालयात धाव घेतली होती. याचिका फेटाळली गेली, निवडणूक त्याच यंत्रांवर झाली आणि अण्णा द्रमुकने १३२ जागा जिंकल्या. आक्षेप मावळला. २००९ च्या लोकसभा निवडणुकीत द्रमुक आघाडीला २७ आणि अण्णा द्रमुक आघाडीला १२ जागा मिळताच यंत्रांवरील अविश्वास परतला. त्या वर्षी ऑगस्टमधील विधानसभेच्या पाच पोटनिवडणुकांवर जयललितांनी बहिष्कार टाकला. दोन वर्षांनी तशाच यंत्रांनी त्यांच्या पक्षाला दीडशे जागा दिल्या, तेव्हा पुन्हा शांतता. यंत्राविषयी शंका घेणे गैर नाही. पण निकालानुसार येणारी-जाणारी शंका ही शंका नसून सोय असते.

तिसरे कारण पैशाचे. या कारणाला चेन्नईत भक्कम आधार आहे, हे मान्य केलेच पाहिजे. २००९ च्या जानेवारीतील तिरुमंगलम पोटनिवडणुकीपासून मतामागे पैसे वाटण्याच्या पद्धतीला त्या गावाचेच नाव पडले. २०१६ मध्ये अरवाकुरिची आणि तंजावर येथील मतदान पैसेवाटपामुळे लांबणीवर टाकावे लागले. २०१७ च्या एप्रिलमध्ये चेन्नईतील आर. के. नगरची पोटनिवडणूक आणि २०१९ मध्ये वेल्लोरची लोकसभा निवडणूक याच कारणासाठी रद्द झाली. पण या प्रकरणांत बोट कधी एका पक्षाकडे वळले, कधी दुसऱ्याकडे. प्रत्येकाच्या लेखी पैसा हे केवळ आपल्या पराभवाचे कारण असते. विजय मात्र निव्वळ लोकप्रेमाचा. १९९१ मध्ये श्रीपेरंबुदूर येथील राजीव गांधी यांच्या हत्येनंतर आली, तशी सहानुभूतीची लाटही पैशाप्रमाणेच पराभूताच्या हिशेबात जमा होते.

चौथे कारण भोवतालच्या माणसांचे. १९९६ मध्ये अण्णा द्रमुकला विधानसभेत अवघ्या चार जागा मिळाल्या आणि बरगूरमध्ये जयललिता स्वतः हरल्या. आदल्या वर्षीचा दत्तकपुत्राचा डोळे दिपविणारा विवाहसोहळा आणि भ्रष्टाचाराचे आरोप लोकांच्या मनात ताजे होते. त्या ऑगस्टमध्ये जयललितांनी शशिकला यांच्यापासून दूर होत असल्याचे जाहीर केले. कार्यकर्त्यांचा रोष ज्या व्यक्तीवर होता, ती बाजूला सारली गेली. काही काळाने मैत्री पूर्ववत झाली. नेता निर्दोष, सल्लागार दोषी, ही राजदरबारातील जुनी रीत लोकशाहीतही अशी टिकून आहे.

ही चारही कारणे खोटी नाहीत, आणि अडचण नेमकी तीच आहे. २०१६ मध्ये दोन प्रमुख आघाड्यांतील मतांचे अंतर एका टक्क्याच्या आसपास होते. एवढ्या अंतरात कोणताही घटक निर्णायक ठरू शकतो. सर्वाधिक मते मिळविणाराच विजयी, या पद्धतीत २०१४ मध्ये द्रमुकला तेवीस टक्क्यांहून अधिक मते मिळूनही लोकसभेची एकही जागा मिळाली नाही. मतदानाआधी लागू केलेल्या जमावबंदीचा फायदा पैसे वाटणाऱ्यांना झाला, ही द्रमुकची तक्रारही अगदीच पोकळ नव्हती. मात्र कारण खरे असणे आणि जबाबदारी स्वीकारणे या भिन्न गोष्टी आहेत. मित्र जोडण्याचा वा सोडण्याचा, उमेदवार देण्याचा, धोरण आखण्याचा निर्णय कोणीतरी घेतलेला असतो. मीमांसेत निर्णयाचा उल्लेख येतो आणि निर्णय घेणारा गळतो.

न बोलता दिलेली कबुली

चूक मान्य न करता ती दुरुस्त कशी केली जाते, याचे लक्षणीय उदाहरण २००४ चे आहे. जयललिता सरकारने आदल्या तीन वर्षांत अनेक कठोर निर्णय घेतले होते. सक्तीच्या धर्मांतराला प्रतिबंध करणारा २००२ चा कायदा, शेतकऱ्यांच्या मोफत विजेवर गदा, मासिक उत्पन्न पाच हजारांहून अधिक असलेल्या कुटुंबांच्या शिधापत्रिकांवर ‘एच’चा शिक्का, वृत्तपत्रांवर बदनामीचे खटले ही त्यांतील काही उदाहरणे. जुलै २००३ मध्ये सरकारी कर्मचारी आणि शिक्षकांनी निवृत्तिवेतनादी लाभांतील कपातीविरुद्ध संप पुकारला, तेव्हा सुमारे १ लाख ७० हजार जणांना कामावरून काढून टाकण्यात आले. एवढी मोठी बडतर्फी स्वतंत्र भारतात क्वचितच झाली असेल.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत हक्क नाही, असे ऑगस्ट २००३ मध्ये न्यायालयाने सांगितले. बहुतेकांना कामावर परत घेण्यास राज्य सरकारने तयारी दर्शविली, पण एका अटीवर. प्रत्येकाने बिनशर्त माफी मागायची आणि यापुढे सेवानियम पाळण्याची हमी द्यायची. कारकून, शिक्षक आणि शिपाई यांनी तशी पत्रे दिली आणि ते कामावर रुजू झाले.

१३ मे २००४ रोजी मतमोजणी झाली. ३३ जागा लढविणाऱ्या अण्णा द्रमुकला आणि सहा जागा लढविणाऱ्या भाजपला तामिळनाडूत एकही जागा मिळाली नाही. ३९ च्या ३९ द्रमुक आघाडीकडे गेल्या. त्याच महिन्यात सरकारने एकामागून एक माघार घेतली. धर्मांतराचा कायदा रद्द झाला, शेतीची मोफत वीज परतली, शिधापत्रिकांवरील शिक्का गेला, कर्मचाऱ्यांवरील उरलेल्या शिक्षा आणि वृत्तपत्रांवरील खटले मागे घेण्यात आले. मतदाराला काय खुपले होते, याची अचूक यादी मुख्यमंत्र्यांपाशी होती, हे यातून सिद्ध झाले. यंत्र, पैसा वा मित्रपक्ष यांवर तेव्हा सारे खापर फोडले गेले असते, तर ही दुरुस्ती झालीच नसती. म्हणून अशा माघारीला निव्वळ दांभिकपणा म्हणून मोडीत काढता येत नाही. राजकारणी जे बोलतात त्यापेक्षा जे मागे घेतात, त्यात अधिक प्रामाणिकपणा असू शकतो.

पण या दुरुस्तीत एक विषमता राहून गेली. नोकरी परत मिळविण्यासाठी कर्मचाऱ्याला लेखी माफी द्यावी लागली होती. सरकारला मात्र असे पत्र कोणालाही लिहून द्यावे लागले नाही. दहा महिन्यांत दोघांनीही माघार घेतली. एकाची माघार त्याच्या सेवापुस्तिकेच्या इतिहासात राहिली, दुसऱ्याची लोकभावनेचा आदर म्हणून गणली गेली. दोन वर्षांनी २००६ मध्ये अण्णा द्रमुकची सत्ता गेली, पण पक्षाला ६१ जागा मिळाल्या आणि ९६ जागा जिंकलेल्या द्रमुकला स्वतःचे बहुमत मिळू शकले नाही. त्यात धोरणबदलाचा वाटा किती, हे सांगणे अवघड असले, तरी २००४ च्या मानाने पक्ष सावरला होता हे निर्विवाद.

राजीनामा द्यायचा कोणाकडे?

जबाबदारी न घेण्याचे मूळ नेत्यांच्या स्वभावापेक्षा पक्षांच्या रचनेत आहे. करुणानिधी १९६९ पासून २०१८ मधील निधनापर्यंत द्रमुकचे अध्यक्ष होते. जयललितांचा त्यांच्या पक्षातील शब्द २०१६ मधील निधनापर्यंत अंतिम होता. आघाडीचे सर्वाधिकार नेत्याला देणारा ठराव एकमुखाने संमत करणे, एवढेच पक्षाच्या महासभेचे काम उरते. मग पराभवानंतर त्याच सभेत त्याच नेत्याला जाब विचारणार कोण? ब्रिटनमध्ये ऋषी सुनक यांनी जुलै २०२४ मध्ये पंतप्रधान निवासाबाहेर उभे राहून पराभवाची जबाबदारी घेतली, देशाची माफी मागितली आणि पक्षनेतेपद सोडण्याचे जाहीर केले. तेथील नेते अधिक विनम्र असतात असे नव्हे. नेत्याला हटवून दुसरा निवडण्याची चाल तेथील पक्षांत जिवंत आहे, म्हणून हे घडते.

चेन्नईत राजीनाम्याचा इतिहास वेगळा आहे. १९९१ च्या दारुण पराभवात करुणानिधी स्वतः हार्बर मतदारसंघातून निसटते निवडून आले आणि त्यांनी आमदारकी सोडली. अध्यक्षपद कायम राहिले. २०११ मध्ये तामिळनाडू काँग्रेसचे अध्यक्ष के. व्ही. तंगबालू यांनी पद सोडले, पण ६३ जागांचा सौदा दिल्लीत झाला होता. १९९६ मध्ये तर प्रदेश काँग्रेसचा विरोध डावलून पी. व्ही. नरसिंह राव यांनी जयललितांशी युती केली. जी. के. मूपनार यांनी वेगळी तमिळ मानिल काँग्रेस काढली आणि लोकसभेच्या वीस जागा जिंकल्या. मूळ काँग्रेसच्या हाती भोपळा आला. २०१४ मध्ये द्रमुकला शून्य मिळाल्यावर एम. के. स्टॅलिन यांनी पक्षपदांचा राजीनामा देऊ केला आणि ज्येष्ठांच्या आग्रहावरून तो लगेच मागेही घेतला. महिनाभरात तीसहून अधिक पदाधिकारी मात्र निलंबित झाले. वरचा राजीनामा परत येतो, खालचा निलंबनाचा आदेश परत येत नाही.

अण्णा द्रमुकच्या अलीकडच्या प्रवासात तर कारणांचे चक्र पूर्ण फिरलेले दिसते. २०१९ मध्ये लोकसभेची तेनी ही एकच जागा हाती लागली, तेव्हा दुहेरी नेतृत्वाला दोष देणारा आवाज उठला आणि जाहीर वाच्यता नको, अशी ताकीद पक्षाने दिली. २०२१ मध्ये सत्ता गेली. भाजपशी युतीमुळे अल्पसंख्याकांची मते गेली, असे माजी मंत्री सी. व्ही. षण्मुगम यांनी त्या जुलैत बोलून दाखविले. नेतृत्वाने युती कायम असल्याचे सांगितले. २०२२ मध्ये ओ. पन्नीरसेल्वम यांची हकालपट्टी होऊन एडप्पाडी पलानीस्वामी हे एकमेव नेते झाले. २५ सप्टेंबर २०२३ रोजी पक्षाने एकमताने भाजपशी काडीमोड घेतला. २०२४ मध्ये दोघांनाही शून्य मिळाले, तेव्हा युती असती तर तीस-पस्तीस जागा आल्या असत्या, असे एस. पी. वेलुमणी म्हणाले. एप्रिल २०२५ मध्ये अमित शहा यांनी चेन्नईत येऊन युती पुन्हा जाहीर केली. म्हणजे २०२१ च्या पराभवाचे कारण युती होती आणि २०२४ च्या पराभवाचे कारण युती नसणे!

त्या शून्यातही समाधान शोधले गेले. आपली मते सुमारे एका टक्क्याने वाढली, असे पलानीस्वामींनी सांगितले. पण २०१९ मध्ये पक्षाने वीसेक जागा लढविल्या होत्या आणि २०२४ मध्ये तीसहून अधिक. मतांचा टक्का चारच्या आतून अकरावर गेल्याचे भाजपनेही अभिमानाने सांगितले. कमळ चिन्हावरील उमेदवार पाचावरून वीसच्या वर गेले होते, हे मात्र दबक्या आवाजात. आकडे खरे होते. लपविला होता तो भाजक.

महाराष्ट्राने चेन्नईला हसण्याचे कारण नाही. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत महायुतीला ४८ पैकी १७ जागा मिळाल्या, तेव्हा संविधानबदलाच्या खोट्या प्रचाराला दोष दिला गेला. देवेंद्र फडणवीस यांनी सरकारमधून मोकळे करण्याची विनंती केली आणि ती मान्य झाली नाही. सहा महिन्यांत महाविकास आघाडी विधानसभेत भुईसपाट झाली आणि संशय मतदानयंत्रांवर गेला. माळशिरस तालुक्यातील मारकडवाडीत मतपत्रिकांवर फेरमतदान घेण्याचा प्रयत्न झाला. लोकसभेला तीस जागा देणारी यंत्रे तेव्हा कोणाला खटकली नव्हती. नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण मराठी असली, तरी तिचे अंगण देशभर पसरले आहे.

कामराज १९६९ मध्ये नागरकोईलच्या पोटनिवडणुकीतून लोकसभेत गेले. विरुदुनगरने त्यांना नाकारले म्हणून मतदारांनी त्यांना कायमचे नाकारले नव्हते. भारतीय मतदार हरलेल्याला सहसा पुन्हा संधी देतो. एकाहून अधिक वेळा घरी पाठविलेल्या करुणानिधी आणि जयललिता यांना त्याने पुन्हा सन्मानाने सत्तेवर बसविले. म्हणजे चूक मान्य केल्याने राजकीय आयुष्य संपते, या भीतीला या राज्याच्या इतिहासात आधार नाही. ती भीती मतदाराची नसून पक्षातील प्रतिस्पर्ध्यांची आहे. जोवर पक्षांतर्गत प्रश्न विचारणे म्हणजे गद्दारी हे समीकरण कायम राहील, तोवर पराभवानंतरची निवेदने अशीच लिहिली जातील आणि २००३ मधील त्या माफीपत्रांसारखी पत्रे केवळ खालच्यांकडूनच लिहून घेतली जातील.